पितृपक्षात भरलेली बकेट

ठाकुर्लीला आमच्या समोरच्या दारी राणेवहिनी राहतात. आमच्या घराची एक किल्ली गेली बावीस वर्षं त्यांच्या फ्रिजवरच्या डबीत असते, आणि त्यांची आमच्या देव्हाऱ्याच्या खणात. मी निवृत्त झाल्यावर वहिनींनी एकदा विचारलंच, "अगं, इतकी वर्षं डबा घेऊन ठाण्याला जात होतीस, ते तिथे नक्की करत काय होतीस?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे आमची किल्ली असते ना, तेच. लोकांच्या वस्तूंची दुसरी प्रत शेजारच्या घरी नेऊन ठेवायची."

"एवढंच? आणि त्याचा पगार देत होते?"

देत होते, आणि मी तो लाज न वाटता घेत होते. फक्त एका शुक्रवारी मला त्याची लाज वाटली. त्या शुक्रवारची गोष्ट मी अजून कुठे लिहिलेली नाही. ज्यांच्यामुळे ती निभावली त्या बाई आता नाहीत, म्हणून आता लिहून टाकते.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लहान लहान स्कॅन सेंटरची चित्रं आम्ही सांभाळायचो. एक्स-रे, सोनोग्राफी, डोक्याचे एमआरआय. माणूस दोन वर्षांनी, पाच वर्षांनी पुन्हा आजारी पडतो, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "आधीचं आहे का?" ते आधीचं म्हणजे आमचा धंदा. सुरुवातीला ते सगळं ऑफिसातल्या डिस्कवर, लोखंडी कपाटात असायचं. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

मग क्लाउड आला. क्लाउड म्हटलं की लोक उगाच वर बघतात. वर काही नसतं. कुठल्यातरी जाड भिंतींच्या इमारतीत दुसऱ्याची मशीनं असतात, त्यांवर आपण जागा घ्यायची. त्या जागेला आमच्यात बकेट म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण मला आवडतं, कारण घरात काम करणाऱ्या बाईला बादलीची भीती वाटत नाही. आम्ही दोन बकेट घेतल्या. पहिलीत सेंटरची माणसं रोज काम करणार, चित्रं टाकणार, काढणार. दुसरी नुसती प्रतींची, तिला हात लावायचा अधिकार फक्त मला आणि आमच्या मालकांना. या दोघींमध्ये एक नियम लावून ठेवता येतो. एकदा तो लावला की पहिलीत जे काही पडेल ते काही मिनिटांत आपोआप दुसरीतही जातं. कुणी उचलून न्यावं लागत नाही.

दोन्ही बकेट मुंबई विभागातच होत्या. हे ऐकलं की थोडंफार वाचलेला प्रत्येक भाचा मला विचारतो, "मावशी, दोन्ही एकाच ठिकाणी? मग भूकंप झाला तर काय उपयोग?" त्याला मी राणेवहिनींची डबी दाखवते. इमारत पडली तर दोन्ही किल्ल्या जातील, कबूल. पण बावीस वर्षांत इमारत एकदाही पडलेली नाही, आणि मी स्वतःला घराबाहेर कुलूपबंद करून घेतलं आहे निदान दहा वेळा. बहुतेक संकटं आपल्याच हातची असतात, आणि त्यांना शेजारची किल्ली पुरते. शिवाय रोग्यांची चित्रं विभागाबाहेर नेणार नाही असं आम्ही सेंटरना लिहून दिलेलं होतं.

आता माझ्या हातचं संकट सांगते.

कपाटातलं सगळं जुनं नव्या बकेटमध्ये चढवायचं ठरलं ते गणपतीनंतर. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. आमचे मालक कुलकर्णीसाहेब माणूस हुशार, कामाला वाघ, पण पक्षात नवीन पेनसुद्धा उघडायचे नाहीत. ते म्हणाले, "आगाशेबाई, पक्ष जाऊ द्या. दसऱ्याला सगळं एकदम सुरू करू."

माझ्या शेजारी प्रशांत बसायचा. टिटवाळ्याचा, चाळिशीचा, बोटं कीबोर्डवर आणि जीभ कायम सुटलेली. तो म्हणाला, "सर, क्लाउडला कावळा शिवतो काय? तोवर बसून काय करू मी?"

तेव्हा तोडगा मी काढला. मीच काढला, हे मुद्दाम लिहिते. मी म्हटलं, "साहेब, जुनं सामान हलवणं म्हणजे काही नवीन सुरुवात नव्हे. ते पक्षात हलवू. तो प्रतींचा नियम मात्र नवीन आहे. तो दसऱ्याच्या मुहूर्तावर लावू." साहेबांना पटलं, प्रशांतला काम मिळालं, आणि मला वाटलं, काय बाई मी शहाणी, सापही मेला आणि काठीही वाचली.

पितृपक्षात आम्ही सगळं जुनं पहिल्या बकेटमध्ये भरलं. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडू वाहिले, सरस्वती काढली, साहेबांनी नारळ फोडला आणि मी नियम लावला. दोन मिनिटांत डोंबिवलीच्या एका सेंटरचा ताजा एक्स-रे दुसऱ्या बकेटमध्ये जाऊन बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. कपाटातल्या जुन्या डिस्क पुसून भंगारात दिल्या.

या नियमाची एक खोड आहे. तो लावल्यानंतर जे येईल तेवढंच तो नेतो. आधीपासून आत असलेल्याकडे ढुंकून बघत नाही. त्याच्या प्रतींसाठी वेगळं काम मुद्दाम चालवावं लागतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते वाचलं होतं, आणि विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर लिहिलंही होतं, "जुन्यांचं वेगळं काम चालवणे." फक्त ते लिहिलं पक्षातल्या एका चौकोनात, सप्टेंबरच्या पानावर. महिना संपला तसं कुणीतरी पान उलटलं. बहुतेक मीच उलटलं असेल, ऑफिसातलं कॅलेंडर उलटायचं कामही माझंच होतं. मग दसरा, मग दिवाळीची रजा, आणि मी माझ्याच अक्षरातली ती ओळ कायमची विसरले.

मला सावध करणारा एक माणूस आला होता. ठाण्यात नौपाड्याला डॉ. सबनीसांचं स्कॅन सेंटर आहे. वय सत्तर, पांढरा हाफ शर्ट, आणि कशावरही विश्वास न ठेवणं हा त्यांचा स्वभाव. दसऱ्यानंतर आठवड्याभरात ते जिने चढून वर आले, धापा टाकत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ती दुसरी बकेट दाखवा मला. डोळ्यांनी बघायची आहे." मी हसत हसत दुसरी बकेट उघडली आणि त्यांच्याच सेंटरची त्या सकाळची सोनोग्राफी दाखवली. ते म्हणाले, "ही आजची झाली. एखादी जुनी उघडा."

मी म्हटलं, "डॉक्टर, सगळ्या तशाच असतात." आणि चहा मागवला. चहा चांगला होता, त्यामुळे ते जुनीबद्दल विसरले. त्या चहाचा मला आजही पश्चात्ताप होतो.

दिवाळीनंतर प्रशांत साफसफाई करत होता. डोंबिवलीच्या एका सेंटरचे दोन फोल्डर जवळजवळ सारख्या नावाचे होते. एक रिकामं डुप्लिकेट, एक जुन्या चित्रांनी भरलेलं. त्यानं भरलेलं उडवलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सेंटरची माणसं रोज नव्याच चित्रांवर काम करतात. जुन्याची आठवण कुणाला तरी दुखायला लागल्याशिवाय येत नाही.

आणि मग तो शुक्रवार. सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पासष्टीची, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात सोन्याचं ठसठशीत डोरलं, हातात स्टीलचा डबा असलेली पिशवी. नाव ताराबाई. डोंबिवलीजवळ, मानपाड्याकडच्या गावातल्या, जुन्या आगरी घरातल्या. त्यांच्या सेंटरनं सांगितलं होतं, "आमच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही, ठेवणारे ठाण्याला असतात." पत्ता घेऊन त्या रिक्षा बदलत बदलत एकट्या आल्या होत्या.

"बाय, माजे सुनेचा फोटू हाय तुमचेकरं. डोक्याचा. दोन सालामागचा."

मी त्यांना बसवलं. हळूहळू सगळं कळलं. सून दर्शना, वय तीस, पदरात एक लहान मुलगी. दोन वर्षांपूर्वी डोकं दुखायचं म्हणून एमआरआय काढला होता, त्यात एक लहानसा ठिपका दिसला होता. तेव्हाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आता पुन्हा झटके आले. कल्याणच्या सर्जननं नवीन एमआरआय बघून सांगितलं, जुना आणा. ठिपका तेवढाच असेल तर गोळ्यांवर ठेवू. वाढला असेल तर डोकं उघडावं लागेल. आणि जुना मिळालाच नाही, तर वाट बघत बसायची जोखीम ते घेणार नव्हते. ऑपरेशनसाठी बुधवारची तारीख देऊन ठेवली होती.

"फिल्म, सीडी, काही नाही का घरी?" मी विचारलं.

"आमचा घर तोरला ना, टावर बांदाला दिला. त्या गरबरीन पिशवी गेली. लोकांना वाटतं टावर झायला, आता यांचेकरं काय कमी? माजे सुनेचा फोटू नाय माजेकरं."

मी म्हटलं, "काळजी करू नका ताई. आमच्याकडे एक नाही, दोन-दोन ठिकाणी असतो." हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं.

काचेच्या आत माझ्या टेबलाशी येऊन पहिल्या बकेटमध्ये शोधलं. नाही. प्रशांत बाजूनं म्हणाला, "मॅडम, ते फोल्डर बहुतेक मीच उडवलंय दिवाळीनंतर. पण दुसरीत आहे ना." मी दुसरी उघडली. नाही. तारखेप्रमाणे लावून बघितलं. दुसऱ्या बकेटमधली सगळ्यात जुनी वस्तू दसऱ्याची होती. तो टाळ्यांचा एक्स-रे. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं. दर्शनाचंच नव्हे, डॉ. सबनीसांचं, कुणाचंच नव्हतं. कपाटातून आलेलं सगळं जग पहिल्या बकेटमध्ये एकटं पडलं होतं, आणि आम्ही दोन महिने दोन-दोन म्हणून मिरवत होतो.

मी उठले. कॅलेंडरकडे गेले, पानं मागे उलटली, आणि माझीच ओळ मला सापडली.

आता बाहेर जाऊन काय सांगायचं? मी भित्रेपणा केला. मी म्हटलं, "ताई, जरा शोधावं लागेल. तुम्ही सोमवारी या, तोवर आम्ही बघून ठेवतो." माझ्या मते बघून ठेवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या घरी गेल्या असत्या तर मी साहेबांना सांगितलं असतं की गेलं, आणि सोमवारी दिलगिरीचं एक पत्र तयार ठेवलं असतं.

ताराबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"मी नाय जानार, बाय. आमची आय मिठागरान कामाला व्हती. भरतीचा पानी चरला का ती बांधावर बसून ऱ्हवाची. जेवाला बी घरी नाय येवाची. बांध फुटला तं समदा मीठ पान्यान. मना तुमचे कंप्युटरमदला काय समजत नाय. मी हितंच बसतंय. तुमी तुमचा काम करा."

त्या बसल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, कुणाची ओळख सांगितली नाही. नुसत्या बसल्या. काचेपलीकडून मला त्यांचा पदर दिसत होता. जोवर तो दिसतो तोवर मला "गेलं" म्हणता येईना.

म्हणून मी पुन्हा खुर्चीवर बसले आणि घाबरणं थांबवून विचार करायला लागले. प्रशांतनं उडवलं, म्हणजे नेमकं काय झालं? तो प्रतींचा नियम लावायचा असेल तर त्याची एक अट असते. बकेटमध्ये जुन्या आवृत्त्या धरून ठेवायची सोय आधी सुरू करावी लागते. ती अट आम्ही दसऱ्याला पाळली होती. त्यानंतर बकेटमधून काही पुसलं तर ते खरं पुसलं जात नाही. उरलेल्या भाजीवर आपण ताट झाकतो तसं त्यावर झाकण पडतं. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, खाली भाजी असते.

"प्रशांत," मी म्हटलं, "जुन्या आवृत्त्या दाखव."

त्यानं बटण दाबलं. फोल्डर समोर आलं. सगळं होतं. मग प्रशांत एकदम म्हणाला, "मॅडम, तो तीस दिवसांचा रूल!"

झाकलेलं फार साठू नये म्हणून तीस दिवसांनी ते कायमचं पुसायचं, असा नियम मीच लावला होता. टापटीप हा माझा जुना रोग. प्रशांतनं फोल्डर उडवलं त्याला त्या शुक्रवारी अठ्ठावीस दिवस झाले होते.

मी आयुष्यात इतक्या हळू कधी टाइप केलं नसेल. आधी तो पुसायचा नियम बंद केला. प्रशांतला म्हटलं, तू मोठ्यानं वाच मी काय दाबतेय ते. त्यानं वाचलं, मी दाबलं. मग एकेक झाकण काढलं. दर्शनाचं चित्र उघडलं, राखाडी रंगाचं, अक्रोडासारखं, खाली नाव आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख.

ताराबाईंना आत बोलावलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं. "ही माजी दर्शना?" त्यांनी विचारलं, आणि लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा काचेवरून हात फिरवला. मी तोंड फिरवून उगाच प्रिंटर बघत राहिले. चित्र आम्ही त्यांच्यासमोरच सर्जनच्या दवाखान्यात पाठवलं, पोचल्याचा फोन आल्यावरच त्या उठल्या. जाताना पिशवीतला डबा माझ्या टेबलावर ठेवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी शाकाहारी. भाकरी मी खाल्ली, चटणी प्रशांतनं.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "तवराच हाय! बाय, ठिपका तवराच हाय! डोका फोराचा नाय!" मागे कुणीतरी हसत होतं की रडत होतं, कळलं नाही. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून घेतलं.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. चूक माझी, तोडगा माझा, कॅलेंडरचं पानही माझं. प्रशांत मध्ये पडून म्हणाला, "उडवलं मी होतं, सर." साहेब म्हणाले, "बघा, तरी मी सांगत होतो पक्षात काही करू नका." मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. पण त्यांनी मला नोकरीवर ठेवलं, आणि सेंटरना खरं सांगू नका असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

जुन्यांचं वेगळं काम तेव्हाच चालवलं. दोन दिवस लागले. मग मी एकेका सेंटरला स्वतः फोन केला. एक सेंटर सोडून गेलं, ते बरोबरच होतं. डॉ. सबनीस फोन ठेवून पुन्हा जिने चढून आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आज चहा नको. जुनी उघडा." मी दुसऱ्या बकेटमधून त्यांच्या सेंटरची सगळ्यात जुनी सोनोग्राफी उघडली. ती त्यांनी नीट बघितली, आणि मग म्हणाले, "आता मागवा चहा."

त्यानंतर आमच्या ऑफिसात एक रिवाज पडला. पितृपक्ष असतो कशाला? आपल्या आधीच्यांना आठवायला. आणि आम्ही नेमक्या त्याच पंधरवड्यात जुन्यांना विसरलो होतो. म्हणून दर सर्वपित्री अमावास्येला दुसऱ्या बकेटमधली जुनी चित्रं उघडून बघायची, आणि त्यात एक दर्शनाचं असायलाच हवं. साहेबांना तर हे फारच आवडलं. मी निवृत्त झाल्यावरही प्रशांत ते करतो आणि मला फोन करतो.

ताराबाई दर दिवाळीला फोन करायच्या. दर्शनाच्या गोळ्या, नातीची शाळा, टॉवरची लिफ्ट कशी बंद पडते, सगळं सांगायच्या. या वर्षी श्रावणात त्यांच्या नंबरवरून दर्शनाचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली. मी रडायला लागले. दर्शनाच मला म्हणाली, "रडू नका ओ मॅडम, आई सांगायची, ठाण्याची बाय माझी मैत्रीण आहे."

ज्या बाईला मी खोटं सांगून घरी पाठवत होते, ती मला मैत्रीण म्हणत होती. त्यांना खरं सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. त्या दिवशी त्या उठून गेल्या असत्या तर सोमवारी तिथे काहीच उरलं नसतं, हे त्यांना कधी कळलं नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला मी नेहमीसारखा स्वयंपाक केला. खीर, वडे, आमसुलाची चटणी. सासरच्यांसाठी एक पान वाढलं, माहेरच्यांसाठी एक, आणि खिडकीशी तिसरं. राणेवहिनी किल्ली मागायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "हे कुणाचं गं?" मी म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीचं." तेवढ्यात प्रशांतचा फोन आला.

"मॅडम, उघडलं. दर्शनाचंपण. सगळं आहे."

फोन ठेवून मी पानाकडे आले. माझ्या सासूबाई सांगायच्या, श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत. ताराबाईंच्या पानात मी चिमूटभर वाढलं.